बोकडानं अंग झाडलं तेव्हा

कडूबाईच्या आधी तिच्या आईची लेकरं पाळण्यातच जात राहिली, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडात घातलीच तर थुंकून टाकावी, असा त्यामागचा विचार. यमानंही तो मानला म्हणायचा. नवरा गेला, नातू गेला, गावाकडचं घर असून नसल्यासारखं झालं, पण साठी उलटलेल्या या बाईला साधी सर्दी म्हणून होत नाही. नगरच्या सावेडीतल्या ज्या इमारतीत ती कामाला आहे, तिथला वॉचमन तिला जिन्यात बघितलं की अजून बिडी लपवतो. बोलायला फटकळ, कामाला वाघीण आणि कुणापुढं मान न वाकवणारी, अशी तिची ख्याती. ही ख्याती तिनं पोटच्या पोरासारखी जपली होती, आणि ती जपण्याच्या नादातच सगळा घोळ झाला.

ती काम करते पाटोळेबाईंकडे. पाटोळेबाई नगरातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या. शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघ्यांनी बसवलेल्या. बाईंना ऐकू कमी येतं. म्हणून रोज सकाळी शास्त्र वाचताना त्या असा आवाज लावतात की स्वतःला ऐकू जाईल, आणि त्यामुळं ते अख्ख्या मजल्याला ऐकू जातं. समोरच्या फ्लॅटमधले लोक आधी कुरकुरायचे, मग त्यांना सवय झाली. कडूबाई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. येशूनं आंधळ्याला दृष्टी दिली, पाण्यावरून चालला, हे तिला ठीक वाटायचं. आपल्याकडच्या साधूंनीही असलं बरंच केलेलं तिनं कीर्तनात ऐकलं होतं.

पण गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत बाईंनी मोशेच्या नियमांचा भाग काढला आणि तव्यावरची पोळी करपली. त्यात शेळ्या होत्या, मेंढे होते, बोकड होते. कुणी काय चूक केली तर कुठलं जनावर आणायचं, ते कसं असावं, सगळं तपशीलवार. लंगडं चालणार नाही, आंधळं चालणार नाही, खरूज लागलेलं चालणार नाही. जन्मभर शेळ्या राखलेल्या बाईला यापुढं पोळीचं काय पडलंय? ती उलथनं हातात घेऊनच बाहेर आली.

"बाई, ही कुठली मानसं म्हनायची?"

"इस्राएल लोक. फार जुनी गोष्ट आहे, कडूबाई. येशूच्याही कितीतरी आधीची."

"आन् बोकड कापायचे?"

"कापायचे. पण आधी पाप करणाऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. मग स्वतःच सुरी चालवायची. याजक, म्हणजे त्यांचा पुजारी, रक्त घेऊन वेदीपाशी जायचा, पण कापायचं ते ज्याचं पाप त्यानं."

कडूबाईला हे पटेना. तिच्या गावाकडं नवसाचं बोकड कापायला मुलाणी येतो आणि घरातली माणसं त्या वेळी तोंड फिरवून मसाला वाटण्याच्या गप्पा काढतात. खर्डा गावाच्या पलीकडं त्यांची वस्ती आहे, तिथं बांधावरच्या लिंबाखाली म्हसोबा आहे, त्याला बोकड देतात. पण ज्याचा नवस त्यानं कधी सुरी धरलेली तिनं पाहिली नव्हती. "मानसाला धीर व्हत आसंल का त्येवढा?" तिनं विचारलं.

"होऊ नये म्हणूनच असेल," बाई म्हणाल्या. "त्या मुक्या जिवाचा काय दोष? काहीच नाही. हात ठेवला की त्याचं अंग गरम लागतं, ते आपल्याकडं बघतं. आपण केलं आणि भरतंय कोण, हे माणसाला तिथं उभ्या उभ्या कळावं. नाहीतर देवाला मटणाची काय भूक आहे?"

कडूबाई स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि बाईंनी तक्रार केली तर उलट त्यांच्यावरच खेकसली.

आता तो घोळ सांगायला हवा.

कडूबाईला दोन मुलं. थोरला हनुमंत, धाकटी सुकन्या. हनुमंत आणि त्याची बायको रेश्मा दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची, ती शिमग्याच्या सुमारास परत यायची. रेश्मा बोलायला गरीब, उंचीनं बेताची, पण कोयता हातात घेतला की गड्याला मागं टाकणारी. तिला मूल राहत नव्हतं. पुढं पार्थ झाला, तोही इवलासा, मांजराच्या पिलासारखा. तेव्हा रेश्मा म्हसोबाला बोकड बोलली. पोरगं पायावर उभं राहिलं, तसं घरच्याच शेळीला झालेलं एक करडू तिनं देवाच्या नावानं सोडलं. काळंभोर, कपाळावर पांढरा चांद. कानाला खूण केली. एकदा अशी खूण झाली की ते जनावर देवाचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही, त्यानं कुणाच्या पिकात तोंड घातलं तरी हाणायचं नाही. त्या वर्षी पार्थला आजीकडं ठेवून नवराबायको ऊसतोडीला गेली आणि बोकडही आजीच्याच भरवशावर राहिला.

सुकन्या त्या वेळी लहान लेकीला घेऊन माहेरी येऊन बसली होती. सासरी भांडण झालं होतं आणि सासरचे न्यायला येत नव्हते. वस्तीवरच्या बाया विहिरीवर कुजबुजायच्या. कडूबाईला लेकीच्या दुःखापेक्षा त्या कुजबुजण्याचाच जास्त त्रास व्हायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि एके दिवशी कुणाला काही न कळवता जावई, त्याचा बाप, चुलता आणि आणखी चार माणसं जीप घेऊन दारात. बोलणी करायला आले होते. घरात दोन गाभण शेळ्या, एक दुभती, आणि तो बोकड. बाजाराचा दिवस नाही, कोंबड्या रोगात मेलेल्या. सोयरे वरणभातावर परत पाठवले तर लेक कायमची दारात बसते, असं कडूबाईनं मनाशी धरलं. तिनं बोकडाचं दावं सोडलं. सुकन्यानं तिचा दंड धरला, "आई, ह्यो देवाचा हाय ना?" कडूबाई म्हणाली, "गप बस. तुझ्या संसारापुढं देव मोठा न्हाई." सोयऱ्यांतल्याच एकानं तो कापला. त्यांना तो कुणाच्या नावाचा आहे याचा पत्ताच नव्हता. जेवून सगळे खूष झाले आणि सुकन्याला घेऊन गेले. ती आजतागायत सुखानं नांदते आहे, तेवढं कडूबाईच्या मनासारखं झालं.

पुढच्या बाजाराला कडूबाईनं तसाच काळा, चांद असलेला बोकड शोधून आणला आणि कात्रीनं त्याच्या कानाला खूण केली. तिच्या मते हिशेब मिटला. देवाला बोकड हवा होता, बोकड मिळणार होता. शिमग्याला रेश्मा परत आली. बोकडाच्या गळ्यात हात टाकून त्याला न्याहाळत म्हणाली, "आत्या, ह्याचा चांद मोठा हुता की. ल्हान कसा झाला?" कडूबाई म्हणाली, "अंग वाढलं की चांद ल्हान दिसनारच. तुझं तोंड बी ल्हानपनी मोठंच दिसत आसंल." रेश्मा हसली आणि विषय संपला.

नवस फेडायच्या दिवशी भावकी जमली. बोकडाला आंघोळ घातली, हळदीकुंकू लावलं, म्हसोबापुढं उभा केला. आमच्याकडं अशी रीत आहे की बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्यानं अंग झाडलं, म्हणजे देवानं तो घेतला. झाडलं नाही तर कुणी सुरी उचलत नाही. भगतानं पाणी शिंपडलं. बोकड उभा. पुन्हा शिंपडलं. बोकड कान हलवीत उभा. उन्हं वर चढली, चुलीवरचं आधण उकळून उकळून आटलं, पोरं भुकेनं रडायला लागली, आणि तो बोकड ढिम्म. तेव्हा भगत म्हणाला, "घरातल्या कुनाचं काय चुकलं आसंल तर बोला. देव आडून बसलाय."

  तेव्हा कडूबाई बोलली असती तर काय झालं असतं? भावकी चार दिवस बोलली असती, हनुमंत रागावला असता, दुसरं करडू सोडलं असतं, आणि पुढच्या वर्षी हसण्यावारी गेलं असतं. पण भगतानं तिच्याकडं बघितलं आणि सगळ्या भावकीनं तिच्याकडं बघितलं, आणि कुणापुढं मान न वाकवणारी ही बाई म्हणाली, "माझ्याकडनं तर काय न्हाई बाबा. सुनंला इचारा, तिची पाळी कवा झाली ते. आंग धुन्याआधीच देवाच्या जनावराला हात लावला आसंल."

रेश्मा गोंधळली. आधी म्हणाली, न्हाई. मग म्हणाली, आठवत न्हाई. मग सासूच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आत्या म्हनत्यात तर चुकलंच आसंल माझं." तिला पुढं घेतलं. तिनं म्हसोबापुढं मातीत नाक घासलं. भगतानं अख्खा तांब्या बोकडाच्या पाठीवर ओतला, आणि बोकडानं शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. एकच गलका झाला. बाया रेश्माकडं बघायला लागल्या आणि मुलाणी सुरीला धार लावायला लागला. गार पाणी तांब्याभर पडलं तर कुठलंही जनावर अंग झाडेल, पण हे तिथं कोण म्हणणार? कडूबाईलाही त्या क्षणी हायसंच वाटलं.

त्याच सालच्या ऊसतोडीला पार्थ आईबापाबरोबर गेला. तिकडं पाचटाच्या कोपीत त्याला ताप भरला, दोन दिवस अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत पोरगं हाताला लागलं नाही. ते परत आले तेव्हा रेश्मा ओटीत नुसती त्याची टोपी घेऊन होती. गावात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बोकडाच्या वेळेचं सगळ्यांना आठवत होतं. हनुमंत बायकोला म्हणाला, "तू देव बाटिवलास. पोरगं त्यानं न्हेलं." तिनं वाद घातला नाही. तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. कडूबाई उंबऱ्यात उभी होती. रेश्मा तिच्या पाया पडून गेली, आणि कडूबाईनं तिला आशीर्वादसुद्धा दिला. हे आठवलं की तिला आजही अन्न जात नाही. पुढं हनुमंतनं दुसरी केली. त्या घरातून बांधावरचा लिंब दिसायचा, म्हणून कडूबाई गाव सोडून नगरला कामाला आली. लोकांना वाटलं, नव्या सुनेशी पटलं नाही.

तर त्या उपासाच्या दिवसांत बाईंचं वाचन चालूच राहिलं. एका सकाळी दोन बोकडांची गोष्ट आली. वर्षातून एकदा दोन बोकड आणायचे. एक देवासाठी कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकानं दोन्ही हात ठेवायचे, सगळ्या लोकांची पापं तोंडानं बोलायची, आणि मग माणसाबरोबर त्याला लांब रानात पाठवून सोडून द्यायचं.

"त्याचं फुडं काय व्हायचं?" कडूबाईनं आतून विचारलं.

"ते दिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"कुनी बघाया बी जात नसंल."

"त्याला परत येऊच द्यायचं नसतं, कडूबाई."

त्यानंतर कडूबाई येऊन बाईंच्या पायाशी बसली, गुडघ्यांना तेल लावायच्या निमित्तानं. म्हणाली, "आमच्या गावात एक बाई हाय." आणि तिनं त्या बाईची सगळी गोष्ट सांगितली, बोकडापासून टोपीपर्यंत. पाटोळेबाईंनी जन्मभर वर्गात पोरांची असली 'एक मुलगा आहे' वाली प्रकरणं ऐकलेली. त्यांनी गोष्ट पुरी होऊ दिली.

शेवटी कडूबाईनं विचारलं, "तर त्या बाईनं कुठलं जनावर द्यायचं? शेळी, का मेंढा? शास्त्रात काय हाय?"

बाईंनी चष्मा काढला. "नकळत चुकलेल्याला बोकड आहे, शेळी आहे, गरिबाला पारवा आहे. पण सगळं समजून उमजून, हात उगारून केलेलं असेल, तर त्याला नियमात जनावरच नाही. एका राजानं दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. त्याच्याकडं बोकडांची काय कमी होती? पण तो म्हणाला, देवा, कापायला माझ्यापाशी आता माझ्या मनाशिवाय काही नाही."

"मंग सुटला का?"

"देवानं त्याला क्षमा केली. पण तिच्यापोटी झालेलं त्याचं मूल गेलं ते गेलंच."

कडूबाईचा हात गुडघ्यावर थांबला. बाई पुढं म्हणाल्या, "आणि दुसऱ्याचं नुकसान केलं असेल तर आधी त्याच्या दारात जायचं. कबूल करायचं, घेतलं ते परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा द्यायचा. त्यानंतर मेंढा घेऊन देवाकडं. आधी देवाकडं गेलं तर देव ओळख देत नाही. पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे. आपण ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं उलटं चालत यायचं."

"पोरगं कसं परत देनार? आन् त्याचा पाचवा हिस्सा कशाचा?"

शिक्षिका असूनही बाईंनी याचं उत्तर जुळवून सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्या सुनेला अजून वाटत असेल की आपणच मुलाला मारलं. तेवढं तरी तिच्या अंगावरून काढता येईल. त्या बाईला म्हणावं, आज जा."

रेश्मा कुठं आहे हे कडूबाईला ठाऊक होतं. गावाकडच्या कुणीतरी सांगितलं होतं, भावाबरोबर केडगावला खोली घेऊन राहते आणि कांद्याच्या वखारीत कांदा निवडायला जाते. सावेडीहून केडगाव ते किती लांब? रिक्षानं माळीवाडा, तिथून दुसरी रिक्षा. एवढं अंतर कापायला तिनं किती पौर्णिमा आणि अमावास्या घालवल्या, ते मोजण्यात अर्थ नाही. त्या दिवशीही गेली नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका सकाळी बाईंच्या भाकरी झाकून ठेवून ती निघाली. लुगडं नेसताना मनातून तिला हलकं वाटत होतं. रेश्मा शिव्या देईल. देऊ दे. थोबाडीत मारील. मारू दे. चारचौघींत झिंज्या धरील, तेही पाहिजेच. मग ती रडेल, आणि ते पोराच्या नावानं पहिलं मोकळं रडणं असेल. रिक्षात बसून कडूबाईनं हे सगळं मनाशी रंगवलं होतं. रेश्मा काय म्हणेल याच्या सगळ्या तऱ्हा तिनं धरल्या होत्या, एक सोडून.

वखारीत पत्र्याखाली कांद्याचे ढीग होते आणि त्यांच्या कडेनं बाया बसल्या होत्या. रेश्मा वाळली होती, केसांत पांढरं आलं होतं. पायांत चप्पल नव्हती. सासूला बघून ती धडपडत उठली आणि आधी पाया पडली. मग गोण्यांच्या थप्पीपाशी सावलीत पोतं झटकून तिला बसवलं, पाणी आणलं.

"चप्पल कुठाय?" कडूबाईनं विचारलं.

"घालत न्हाई आत्या. पार्थ गेल्यापासनं न्हाई. मटान बी सोडलं. दर आवसंला हितल्या म्हसोबाला निवद ठिवते." हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. "दादानं लग्नाला एक जागा आनली हुती. मी म्हनलं नगं. माझ्या हातनं पुन्यांदा काय झालं म्हंजी?"

कडूबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. सोयरे आले, देवाचा बोकड मी कापायला दिला, बाजारातनं दुसरा आणून त्याचा कान कातरला. सगळ्यांपुढं मी तुझ्यावर ढकललं. तू काहीच केलं नव्हतंस. पोरगं गेलं असंल तर माझ्या पापानं गेलं. "तुझं कायबी चुकलं न्हाई रेश्मे. माझं तोंड फोड, पर तेवढं मनातनं काढ."

रेश्मा तिच्याकडं बघत राहिली.  मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं कडूबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"आत्या, कुनी सांगितलं तुमाला माझं? दादा बोलला का? मला झोप न्हाई म्हनून, आसं?"

"आगं कुनी न्हाई! खरं तेच सांगतीया."

"बोकडानं अंग झाडलं हुतं, आत्या. मी नाक घासलं, तवाच झाडलं. खोटा बोकड आसता तर देवानं त्याला अंग झाडू दिलं आसतं का?"

"आगं तांब्याभर गार पानी पडलं त्याच्या अंगावर! दुसरं काय करील जनावर?"

"आदी बी पानीच पडत हुतं की."

 कडूबाईला आठवलं. "तूच म्हनली हुतीस, चांद ल्हान झालाय. आठव की! तुला कळलं हुतं त्यो बोकड दुसरा हाय!"

"आठवतंय की," रेश्मा खाली मान घालून म्हणाली. "देवाच्या जनावरावर सौंशय घेतला मी. ती येक चूक आनिक. ती तर मी कुनाला सांगितली बी न्हाई आजपातुर."

मग कडूबाईनं लुगड्याच्या घोळातून मोबाईल काढला आणि सुकन्याला लावला. बोकड कापल्याचं त्या सोयऱ्यांनाही माहीत होतं, पण कापलेला तो देवाचा होता हे फक्त सुकन्यालाच ठाऊक होतं. फोनचा आवाज मोठा केला. "सुके, रेश्माजवळ हाय मी. त्या दिशी तुझे सोयरे आल्ते तवा आपन कुठला बोकड कापला, ते सांग तिला."

पलीकडं भांड्यांचा आणि माणसांचा आवाज येत होता. सुकन्या एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "आई, घरात पावनं हाईत. पोरीला बघाया आलेत." मग मोठ्यानं म्हणाली, "कुठला बोकड? कोंबडं कापलं हुतं त्या दिशी. तुला बरं न्हाई का? ठेव आता." आणि तिनं फोन ठेवला. लेकीचा संसार सांभाळायला आईनं जे केलं, तेच लेक आता तिच्या लेकीसाठी करत होती. कडूबाईनंच शिकवलेलं.

कडूबाई रडायला लागली. भोकाड पसरून, पोरासारखी. रेश्मानं पदरानं तिचं तोंड पुसलं. "आसू द्या. कळलं मला. तुमी माझं वझं उचलाया आलाव. सख्ख्या आईनं केलं न्हाई ते करताय. पर मी तुमच्यावर घालू कशी? म्या केलंय, म्या फेडीन. ह्या जल्मी न्हाई तर फुडल्या."

"मी खोटं बोलत न्हाई!" कडूबाई ओरडली. कांदा निवडणाऱ्या बायांनी हात थांबवले. दगडाबाई नावाची त्यांच्यातली म्हातारी उठून जवळ आली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"ही माझी सासू," रेश्मा म्हणाली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिच्या तोंडावर अभिमानासारखं काहीतरी दिसलं. "माझा जीव हलका व्हावा म्हनून माझं पाप सोताच्या अंगावर घ्याया आलीया. पार सावेडीवरनं."

दगडाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "आमच्या सासवांनी न केलेलं आमच्यावर घातलं गं बाई. आसली सासू आमी ऐकली बी न्हाई." आणि ती वाकून कडूबाईच्या पाया पडली. तिच्यामागं दुसरी आली, मग तिसरी. कडूबाई न्हाई न्हाई म्हणत पाय मागं घेत राहिली, पण तिच्या पाठीशी गोण्यांची थप्पी होती.